नायगाराच्या बसला दीड तास जास्त द्या
उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांच्या सहल समित्यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सहलींची पत्रकं मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरायला लागली आहेत. ठिकाणं आम्हा जुन्या सभासदांना आता पाठ झालीत: नायगारा, वॉशिंग्टन, बॉल्टिमोर, बोस्टन, आणि एखादं धाडसी मंडळ असेल तर न्यू ऑर्लिन्स. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा, सुट्टीतली मुलं, चिवड्याच्या पिशव्या आणि पुढच्या सीटवर माइक धरून बसलेला उत्साही कार्यकर्ता. या सगळ्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते त्या माइकवरून जे सांगितलं जातं त्याबद्दल.

ही सगळी ठिकाणं एकाच युद्धाने जोडलेली आहेत. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात जून १८१२ ते फेब्रुवारी १८१५ या काळात झालेलं युद्ध, ज्याला इथे नुसतं '१८१२ चं युद्ध' म्हणतात. आपल्या बसमध्ये त्याचे दोनच तुकडे पोचतात. वॉशिंग्टनला 'ब्रिटिशांनी व्हाइट हाउस जाळलं होतं' आणि बॉल्टिमोरला 'राष्ट्रगीत इथे सुचलं'. मधल्या अडीच वर्षांत काय झालं, पारडं कुठे फिरलं, कोण हरलं, यावर कोणी अवाक्षर काढत नाही. शेवटी 'आणि अमेरिका जिंकली' म्हणून टाळ्या होतात. माझी विनंती अशी की निदान आपल्या मुलांना तरी हे इतकं स्वस्तात सांगू नका.

आधी भांडण कशाचं होतं ते पाहू. ब्रिटन तेव्हा नेपोलियनशी जीवघेण्या लढाईत गुंतलं होतं. आरमाराला माणसं कमी पडत होती, म्हणून ब्रिटिश जहाजं भर समुद्रात अमेरिकी गलबतं थांबवून 'हे आमचेच पळपुटे' म्हणत खलाशी उचलून नेत. १८०७ मध्ये तर नॉरफोकजवळ 'लेपर्ड' या ब्रिटिश जहाजाने 'चेसापीक' या अमेरिकी लढाऊ जहाजावरच तोफा डागल्या आणि चार माणसं नेली. शिवाय फ्रान्सशी व्यापार करायचा नाही असे ब्रिटिश हुकूम होते. हे झालं समुद्रावरचं. पण युद्धासाठी सगळ्यात मोठा आवाज करत होते ते समुद्रापासून लांब राहणारे, पश्चिमेच्या सरहद्दीवरचे खासदार. त्यांना मूळ रहिवाशांच्या जमिनी हव्या होत्या, जमलं तर कॅनडाही. खुद्द न्यू इंग्लंडच्या व्यापाऱ्यांना, म्हणजे ज्यांची जहाजं अडवली जात होती त्यांनाच, हे युद्ध नको होतं. मतदानात ते दिसतं: प्रतिनिधिगृहात ७९ विरुद्ध ४९, सिनेटमध्ये १९ विरुद्ध १३. १८ जूनला युद्ध पुकारलं गेलं. आणि गंमत अशी की व्यापारबंदीचे ते हुकूम मागे घेत असल्याचं लंडनमध्ये १६ जूनलाच सांगितलं गेलं होतं. बातमी जहाजाने यायची होती, ती यायच्या आत इकडे सगळं सुरू झालं.

आता डेट्रॉइटच्या मंडळींनी कान द्यावेत, कारण पहिला अंक तुमच्या गावात झाला. जनरल विल्यम हल हा वयस्कर सेनापती कॅनडावर चाल करायला निघाला. वाटेत त्याने सामान हलकं करण्यासाठी आपली कागदपत्रं आणि आजारी माणसं एका लहान गलबतातून पुढे पाठवली. युद्ध सुरू झाल्याचं त्याला अजून कळलं नव्हतं, समोरच्या ब्रिटिश ठाण्याला मात्र कळलं होतं. गलबत अलगद त्यांच्या हाती पडलं. त्यामुळे ब्रिटिश सेनापती आयझॅक ब्रॉकला हलची फौज किती आणि बेत काय, सगळं घरबसल्या समजलं. हलचा धीर किती सुटलाय तेही पुढे पकडलेल्या टपालातून कळलं. ब्रॉकने मग निरोप धाडला: लढाई पेटली तर माझ्याबरोबरचे मूळ रहिवासी योद्धे माझ्या ताब्यात राहणार नाहीत. शॉनी जमातीचा टेकुमसे त्याच्या साथीला होता. १६ ऑगस्ट १८१२ रोजी हलने फारशी झुंज न देता किल्ला आणि फौज दोन्ही हवाली केली. पुढे लष्करी न्यायालयाने त्याला मृत्युदंड सुनावला, राष्ट्राध्यक्ष मॅडिसनने तो माफ केला. 'कॅनडा घेणं म्हणजे नुसतं चालत जाणं' असं म्हणणाऱ्यांना पहिल्या दोन महिन्यांतच मिळालेलं हे उत्तर होतं.

नायगाराकडे येऊ. धबधबा पाहून झाला की कॅनडाच्या बाजूची बस बहुतेक वेळा आउटलेट मॉलकडे वळते. त्याच भागात, नदीच्या कडेने थोडं खाली उतरलं की क्वीन्स्टन हाइट्सची टेकडी लागते. वर ब्रॉकचा उंच स्तंभ आहे, लांबूनही दिसतो. १३ ऑक्टोबर १८१२ च्या पहाटे अमेरिकी फौज नदी ओलांडून ही टेकडी चढली. ब्रॉक स्वतः तलवार उपसून उलट्या चढाईत पुढे झाला आणि गोळी लागून पडला. टेकडी अमेरिकेच्या हातात राहिली असती. पण पलीकडच्या काठावर, लुइस्टन गावात, न्यूयॉर्क राज्याची मिलिशिया, म्हणजे शेतकरी-दुकानदारांची हंगामी फौज, उभी होती. जखमींनी भरलेल्या होड्या परत येताना दिसल्या आणि या लोकांनी नदी ओलांडायला सरळ नकार दिला. कारण काय, तर आम्ही राज्याच्या रक्षणासाठी आहोत, परमुलखात जाऊन लढायची आमच्यावर सक्ती नाही! वरचे लोक एकटे पडले आणि संध्याकाळपर्यंत नऊशेहून जास्त अमेरिकी कैद झाले. माझ्या मते नायगाराच्या सबंध सहलीत मुलांना दाखवण्यासारखी ही सर्वांत बोलकी जागा आहे. वरून नदीचं पात्र दिसतं, काय ते अरुंद आहे! सगळं युद्ध त्या पात्रापाशी अडलं.

धबधब्याच्या आणखी जवळ लंडीज लेन आहे. आपल्यापैकी शेकडो लोक त्या रस्त्यावरच्या मोटेलांत राहिलेले आहेत. त्याच रस्त्यालगतच्या उंचवट्यावर ड्रमंड हिल दफनभूमी आहे आणि २५ जुलै १८१४ ची लढाई तिथे झाली. संध्याकाळी सुरू झाली, मध्यरात्रीपर्यंत चालली. उंचवट्यावरच्या ब्रिटिश तोफा घेण्यासाठी अंधारात इतक्या जवळून झुंज झाली की आपली माणसं कुठली आणि परकी कुठली हे तोफेचा उजेड पडल्यावरच कळायचं. अमेरिकनांनी तोफा घेतल्या, ब्रिटिशांनी त्या परत घेण्यासाठी पुन्हा पुन्हा हल्ले केले, आणि शेवटी तहानेने व्याकूळ झालेले अमेरिकन तोफा जागेवरच सोडून मागे गेले. दोन्हीकडे आठशेहून अधिक माणसं मेली, जखमी झाली किंवा हरवली. दोघांनीही विजय आपलाच म्हणून कळवलं. लॉरा सेकॉर्ड ही कॅनडाची लाडकी नायिकाही तिथेच चिरविश्रांती घेते आहे. १८१३ च्या जूनमध्ये अमेरिकी हल्ल्याची खबर घेऊन ती एकटी दिवसभर रानावनातून चालत गेली होती.

ज्यांच्या आई-बाबांकडे कॅनडाचा व्हिसा नाही, त्यांची अडचण मला माहीत आहे. त्यांच्यासाठी अमेरिकेच्या बाजूला, नदीच्या मुखाशी, फोर्ट नायगारा आहे. १९ डिसेंबर १८१३ च्या रात्री ब्रिटिशांनी तो संगिनींच्या जोरावर घेतला आणि युद्ध संपेपर्यंत सोडला नाही. त्याआधी नऊ दिवस अमेरिकनांनी पलीकडचं नेवार्क, म्हणजे आजचं नायगारा-ऑन-द-लेक, ऐन हिवाळ्यात जाळून बायकापोरांना बर्फात उभं केलं होतं. म्हणून ब्रिटिशांनी लुइस्टन जाळलं, मग बफेलो जाळलं. टोरांटोच्या मंडळाला वेगळं सांगायला नको, एप्रिल १८१३ मध्ये तुमचं यॉर्क आणि तिथली विधानसभाही जळली होती. व्हाइट हाउसची आग ही या मालिकेतली एक कडी आहे. ती सुटी काढून दाखवली की ब्रिटिश नुसते राक्षस वाटतात.

मग पारडं फिरलं कुठे? माझं उत्तर आहे तळ्यांवर. त्या काळी या भागात रस्ते असे नव्हतेच. पीठ, खारवलेलं मांस, दारूगोळा, तोफा, सगळं ईरी, ऑन्टारिओ आणि शॅम्प्लेन या तळ्यांवरून जायचं. ज्याच्या ताब्यात तळं त्याच्या ताब्यात रसद, आणि रसदीविना फौजेचं काय होतं हे पानिपत ज्यांच्या हाडीमाशी आहे त्या लोकांना मी काय सांगू?

ईरी तळ्यावर ऑलिव्हर हॅझार्ड पेरी या अठ्ठावीस वर्षांच्या अधिकाऱ्याने आजच्या ईरी शहराजवळ ओल्या लाकडाची जहाजं उभी केली. लाकूड वाळवायला वेळ नव्हता. बंदराच्या तोंडाशी वाळूचा बांध होता आणि जहाजं त्यावरून जाईनात. तेव्हा तोफा उतरवल्या, जहाजांच्या दोन्ही अंगांना पाण्याने भरलेले मोठे लाकडी पेटारे बांधले, पेटाऱ्यांतलं पाणी उपसलं आणि वर उचललेलं जहाज बांधावरून ओढून काढलं. समोरचा ब्रिटिश अधिकारी रॉबर्ट बार्कले एका हाताने अधू होता, आणि त्याची अवस्था आणखी बिकट होती. त्याच्या तळावर सैनिकांबरोबर हजारो मूळ रहिवासी आणि त्यांची कुटुंबं अन्नासाठी अवलंबून होती, कोठार रिकामं होत आलं होतं. तयारी नसतानाही त्याला लढायला बाहेर पडावं लागलं ते भुकेपायी. त्याच्या मोठ्या जहाजावर किल्ल्यातून काढून आणलेल्या तोफा होत्या आणि त्यांना बत्ती देण्याचं सामान इतकं निकामी की तोफेच्या कानाशी पिस्तूल झाडून बार काढावा लागे.

१० सप्टेंबर १८१३ ला गाठ पडली. पेरीच्या 'लॉरेन्स' या जहाजाची चाळण झाली, वरचे पाचांपैकी चार मेले किंवा जखमी झाले. पेरी निशाण घेऊन होडीत उतरला, तोफांच्या माऱ्यातून वल्हवत 'नायगारा' या दुसऱ्या जहाजावर गेला आणि तेवढ्या ताज्या जहाजाने शत्रूची रांग फोडली. पंधरा मिनिटांत सहाच्या सहा ब्रिटिश जहाजांनी शरणागती पत्करली. त्याने अमेरिकी फौजेच्या जनरल हॅरिसनला जुन्या पाकिटाच्या मागे पेन्सिलीने खरडलेली चिठ्ठी इथल्या शाळांत पाठ करून घेतात, ती तुमच्या मुलांना ठाऊक असेल. चिठ्ठीनंतर जे झालं ते फारसं ठाऊक नसतं.

तळं गेलं म्हणजे रसद गेली. ब्रिटिश सेनापती प्रॉक्टर डेट्रॉइट सोडून मागे हटू लागला. टेकुमसेने भर सभेत त्याची तुलना शेपूट पायांत घालून पळणाऱ्या लठ्ठ जनावराशी केली. पण प्रॉक्टरपुढे दुसरा मार्ग नव्हता. ५ ऑक्टोबरला कॅनडातल्या थेम्स नदीकाठी हॅरिसनने त्यांना गाठलं. ब्रिटिश पायदळ काही मिनिटांत मोडलं. टेकुमसे आणि त्याचे योद्धे दलदलीच्या कडेने लढत राहिले आणि तो तिथेच मारला गेला. सगळ्या जमातींनी मिळून एक व्हावं, कोणीही एकट्याने जमीन विकू नये, असं गावोगाव फिरून सांगणारा हा माणूस होता. त्याच्यामागे तो संघ उरला नाही. डेट्रॉइटहून ऑन्टारिओमार्गे नायगाराला जाणाऱ्या तुमच्या गाड्या थेम्सव्हिलच्या जवळून जातात. तिथे रस्त्यालगत त्याचं स्मारक आहे. या युद्धातली एकच जागा दाखवायची असेल तर मी ही निवडेन, धबधब्याजवळची नाही.

त्याच हिशेबात पुढची एक लढाई. अल्बनीहून माँट्रियलकडे जाताना महामार्गावर प्लॅट्सबर्ग लागतं. तिथे मंडळाच्या बसा फक्त पेट्रोल आणि प्रसाधनगृहासाठी थांबतात. १८१४ च्या एप्रिलमध्ये नेपोलियन पदच्युत झाला आणि ब्रिटनला युरोपातली कसलेली पलटणं इकडे पाठवता आली. त्यांतून उभी केलेली दहा हजारांच्या आसपासची फौज घेऊन कॅनडाचा ब्रिटिश गव्हर्नर जनरल प्रेव्होस्ट शॅम्प्लेन तळ्याच्या काठाने दक्षिणेकडे निघाला. समोर जेमतेम तीन-चार हजार अमेरिकी. (ब्रिटिश फौज खात काय होती, ते ऐकण्यासारखं आहे. प्रेव्होस्टनेच लिहून ठेवलं आहे की कॅनडातली दोन तृतीयांश फौज अमेरिकी ठेकेदारांनी पुरवलेलं मांस खाते, आणि ते येतं मुख्यतः व्हरमाँट आणि न्यूयॉर्कमधून. देशभक्ती एकीकडे, गिऱ्हाईक एकीकडे.) ११ सप्टेंबरला खाडीत आरमारी लढाई झाली. अमेरिकेच्या टॉमस मॅकडॉनफने आपली जहाजं आधीच नांगरून, नांगरांना जादा दोर बांधून ठेवले होते. एका बाजूच्या तोफा निकामी झाल्यावर त्याने ते दोर ओढून उभ्या जागी जहाज गर्रकन फिरवलं आणि दुसऱ्या बाजूच्या ताज्या तोफा समोर आणल्या. ब्रिटिशांनीही वळायचा प्रयत्न केला, त्यांना ते साधलं नाही. त्यांचा प्रमुख डाउनी सुरुवातीलाच मेला होता. जहाजं पडलेली पाहताच प्रेव्होस्टने जवळजवळ अभंग असलेली आपली फौज मागे फिरवली. तळ्याशिवाय पुढे जाऊन खाणार काय, हा त्याचा प्रश्न होता. त्याला भित्रा ठरवण्यात आलं, मला तो हिशेबी वाटतो.

यावर ज्याचं मत सर्वांत वजनदार ठरलं तो माणूस मराठी वाचकाच्या चांगल्या ओळखीचा आहे. १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली, आता ड्यूक ऑफ वेलिंग्टन. बैलांच्या तांड्यांवर रसद चढवून दख्खन पालथी घातलेला सेनानी. १८१४ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळाने त्याला अमेरिकेतली सूत्रं घ्यायला विचारलं. त्याने लिहून कळवलं की तिथे सेनापती किंवा सैन्य कमी नाही, कमी आहे ते तळ्यांवरचं आरमारी वर्चस्व. ते मिळत नसेल तर मी जाऊन फारसा उपयोग नाही, आणि युद्धाची सद्यस्थिती पाहता अमेरिकेकडे मुलूख मागायचा तुम्हाला हक्कही नाही. दीड महिन्यात तह झाला.

वॉशिंग्टन आणि बॉल्टिमोरबद्दल थोडक्यात, कारण तिथे बस थांबतेच. २४ ऑगस्ट १८१४ ला ब्लेडन्सबर्गला अमेरिकी फळी कोसळली आणि त्याच संध्याकाळी ब्रिटिश राजधानीत शिरले. व्हाइट हाउसमध्ये जेवणाचं टेबल मांडलेलं होतं. अधिकाऱ्यांनी आधी त्यावर ताव मारला, मग आग लावली. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी डॉली मॅडिसनने जॉर्ज वॉशिंग्टनचं चित्र वाचवलं हे सगळेच सांगतात. पॉल जेनिंग्ज हा त्या घरात गुलाम असलेला मुलगा तेव्हा तिथे हजर होता. त्याने पुढे लिहिलं की चित्र प्रत्यक्ष उतरवलं ते द्वारपालाने आणि माळ्याने. तेही सांगा. आणि कृपा करून 'जळाल्याचे डाग झाकायला पांढरा रंग दिला' ही थाप बंद करा. इमारतीला चुन्याची सफेदी १७९८ मध्येच झाली होती.

याच महिन्यांत चेसापीक उपसागराच्या काठच्या मळ्यांतून शेकडो गुलाम कुटुंबांसह ब्रिटिश जहाजांकडे पळून गेले. त्यांना मुक्ततेचं वचन होतं, काहींनी ब्रिटिश फौजेचा लाल डगला चढवून आपल्या जुन्या मालकांवर बंदुका रोखल्या. पुढे त्यांतले बरेच नोव्हा स्कॉशिया आणि त्रिनिदादला वसले. मेरीलँडमध्ये उभं राहून स्वातंत्र्याबद्दल बोलताना ही बाजू गाळली तर बोलणं अर्धं राहतं.

बॉल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्रीवर १३ सप्टेंबरच्या सकाळपासून पंचवीस तास मारा झाला. किल्ला टिकला, आतले चारच जण गेले. पहाटे वर चढलेलं ते प्रचंड निशाण ३० फूट बाय ४२ फूट होतं, मेरी पिकर्सगिलने शिवलेलं. घरात मावेना म्हणून शेजारच्या दारूभट्टीच्या मोकळ्या जमिनीवर अंथरून टाके घातले, आणि मदतीला ग्रेस विशर ही कराराने बांधलेली कृष्णवर्णीय मुलगी होती. निशाण आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहे, म्हणजे तेही तुमच्या वाटेवरच आहे. राष्ट्रगीतात ज्या अग्निबाणांचा लाल उजेड आहे ते ब्रिटिश संशोधक काँग्रीव्हचे अग्निबाण, आणि काँग्रीव्हला ते सुचले ते म्हैसूरच्या, हैदर-टिपूच्या बाणांवरून. हे मात्र माइकवरून जरूर सांगा, अगदी खरं आहे. सांगू नका ते हे, की फ्रान्सिस स्कॉट की याने ते गीत मुंबईत बांधलेल्या 'मिन्डेन' जहाजावर लिहिलं. आपल्या लोकांत ही गोष्ट वर्षानुवर्षं फिरते, पण फ्रान्सिस की त्या रात्री कैद्याच्या सुटकेसाठी गेलेल्या अमेरिकी जहाजावर होता.

मुंबईचा खरा धागा बोस्टनला आहे, आणि तो कोणी ओढतच नाही. चार्ल्सटाउनच्या गोदीत 'कॉन्स्टिट्यूशन' हे १७९७ चं लढाऊ जहाज आजही तरंगतं आहे. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ त्याने 'जावा' हे ब्रिटिश जहाज निकालात काढलं. 'कॉन्स्टिट्यूशन'चं सुकाणूचक्र लढाईत उडालं होतं, ते 'जावा'वरून काढून बसवलं आणि मग 'जावा' पेटवून दिलं. हे जहाज मुंबईला निघालं होतं. त्यात मुंबईच्या गोदीत बांधल्या जाणाऱ्या 'कॉर्नवॉलिस' या युद्धनौकेसाठी तांब्याचे पत्रे होते. 'त्रिंकोमाली' या दुसऱ्या नौकेचे आराखडेही होते, ते समुद्राच्या तळाशी गेले. नवे आराखडे पाठवावे लागले, बांधणी लांबली आणि वाडियांनी मलबारी सागवानात बांधलेली 'त्रिंकोमाली' मुंबईत पाण्यात उतरली ती १२ ऑक्टोबर १८१७ ला, म्हणजे खडकीच्या लढाईआधी महिनाभरही नाही. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाहता येते.

'जावा'वर एक बडा प्रवासीही होता. लेफ्टनंट जनरल टॉमस हिस्लॉप, मुंबईला मोठ्या हुद्द्यावर रुजू व्हायला निघालेला. अमेरिकनांनी त्याला शब्दावर सोडून दिलं. तो मायदेशी परतला, पुन्हा नेमणूक मिळवून मद्रासला आला आणि २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेकाठी महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव करणारा सेनापती तोच. पुढच्या फेब्रुवारीत तो तापीकाठी थाळनेरला आला, आपल्या धुळे जिल्ह्यात. किल्ला पडल्यावर त्याने किल्लेदाराला फासावर लटकवलं आणि त्याबद्दल लंडनच्या पार्लमेंटमध्येही त्याच्यावर ताशेरे झाले. बोस्टनला खानदेशातले पुष्कळ लोक आहेत. जहाजाच्या डेकवर उभं राहून त्यांना हे कळावं एवढीच इच्छा. 'अमेरिकेने आपला सूड घेतला' वगैरे भर मात्र घालू नका. त्या खलाशांना होळकर कोण हे माहीत नव्हतं.

न्यू ऑर्लिन्सचं शेवटी. आजच्या बेल्जियममधल्या गेंट येथे २४ डिसेंबर १८१४ ला तहावर सह्या झाल्या, पण तह लागू व्हायचा होता तो दोन्हीकडून मंजुरी मिळाल्यावर, आणि बातमी अजून समुद्रावरच होती. ८ जानेवारी १८१५ च्या सकाळी वेलिंग्टनचा मेव्हणा एडवर्ड पाकनम याने अँड्र्यू जॅक्सनच्या मोर्चावर समोरून हल्ला चढवला. खंदक बुजवायच्या मोळ्या आणि चढायच्या शिड्या ज्या पलटणीने आणायच्या, ती त्या मागेच विसरून आली. तासाभरात दोन हजारांच्या घरात ब्रिटिश मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले, पाकनम स्वतः पडला. अमेरिकेचे मेले ते तेरा. या एका सकाळीने सबंध युद्धाची आठवण बदलली आणि जॅक्सनला पुढे राष्ट्राध्यक्ष केलं. तहाने मात्र एक इंचही जमीन इकडची तिकडे केली नाही. खलाशी उचलण्याबद्दल तर त्यात शब्दही नव्हता.

टेकुमसेच्या लोकांना १८११ मध्ये जे हक्क होते ते परत देऊ, असं तहाच्या नवव्या कलमात लिहिलं होतं. ते कधीच झालं नाही. त्याआधी मार्च १८१४ मध्ये हॉर्सशू बेंडला जॅक्सनने क्रीक जमातीचा पाडाव केला होता. नंतरच्या तहात सुमारे दोन कोटी तीस लाख एकर जमीन घेतली, आणि त्यात त्याच्याच बाजूने लढलेल्या क्रीकांचीही जमीन गेली. १८३० चा मूळ रहिवाशांच्या हुसकावणीचा कायदा याच जॅक्सनच्या सहीचा. म्हणून 'कोण जिंकलं' असं मुलांनी विचारलं तर अमेरिका की ब्रिटन यात घोळत बसू नका. कोण हरलं ते आधी सांगा.

माझी मागणी फार नाही. नायगाराच्या सहलीत क्वीन्स्टन किंवा फोर्ट नायगारासाठी दीड तास, डेट्रॉइटकरांनी थेम्सव्हिलला अर्धा तास, माँट्रियलच्या बसने प्लॅट्सबर्गला चहा पिता पिता दहा मिनिटं. प्रत्येक ठिकाणाची दोन पानी मराठी टिपणं मी विनामूल्य लिहून देईन, माइकवर वाचून दाखवायला सोपी पडतील अशी. दीड तास कुठून काढायचा असं विचाराल, तर मॉलमधून काढा. बसमध्ये कुरकुर होईल. ती खुशाल माझ्या नावावर टाका.

आपला,
मेरीलँडमधील एक जुना सभासद